संशयाचं बिल कोणी भरायचं?

बीपीची गोळी ही तशी विचित्र वस्तू आहे. ती घेतली तर काही जाणवत नाही आणि नाही घेतली तरी पुष्कळ दिवस काही जाणवत नाही. चहा पांचट झाला असेल तर पहिल्या घोटाला कळतं. चप्पल हलकी निघाली तर महिन्याभरात कळतं. पण गोळीत औषध पुरेसं होतं की कमी, हे ती गिळणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. पुढे काही बिघडलंच, तर दोष गोळीचा, मिठाचा, वयाचा की नशिबाचा, हे सांगता येत नाही.

केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेवर लिहिलेल्या निबंधात हेच हेरलं होतं. इथे विकत घेणाऱ्याला मालाची पारख करता येत नाही, म्हणून भाजीबाजाराचे नियम इथे चालत नाहीत. त्यांची जागा विश्वासाला घ्यावी लागते. म्हणजे मेडिकलमध्ये आपण दोन गोष्टी विकत घेत असतो. एक गोळी आणि दुसरी त्या गोळीबद्दलची खात्री. स्वस्त औषधांच्या सरकारी योजनांबद्दल बोलताना आपण फक्त पहिलीची किंमत मोजतो. दुसरीची कोण भरतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला वाटतं, या योजनांमधला खरा नैतिक प्रश्न तोच आहे.

जनऔषधीचं उदाहरण घेऊ. ही योजना २००८ साली सुरू झाली आणि पहिलं दुकान अमृतसरला उघडलं. सुरुवातीची काही वर्षं ती रखडतच चालली. नंतर तिला वेग आला, नाव बदललं, आणि आज देशात पंधरा हजारांहून जास्त केंद्रं आहेत. ब्रँडेड औषधापेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त, असं सरकार सांगतं. ही किंमत कमी होते ती मुख्यतः दोन कारणांनी. सरकारी संस्था निविदा काढून घाऊक खरेदी करते आणि ब्रँडचा, एमआरच्या फेऱ्यांचा, डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तूंचा खर्च गोळीवर चढत नाही. दुकान चालवणाऱ्याला सरकार प्रोत्साहनपर रक्कम देतं. पुरवठादारांच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते, असंही योजना सांगते. महिन्याला दोन-तीन हजारांची औषधं लागणाऱ्या घरात यामुळे काय फरक पडतो, हे त्या घरालाच विचारावं. महिनाअखेरीला ‘चार दिवस नाही घेतली तर काय होतंय’ म्हणत गोळ्या पुरवून पुरवून खाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

तरीही या दुकानाच्या वाटेवर एक गंमत आहे. डॉक्टर चिठ्ठीवर बहुतेकदा ब्रँडचं नाव लिहितात. औषधविक्रीच्या नियमांप्रमाणे, शेड्यूल एच मधलं औषध चिठ्ठीवर असेल तर विक्रेत्याने त्याऐवजी दुसरं देऊ नये, मग आतला घटक तोच का असेना. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांना जेनेरिक नावं लिहायला सांगणारे नियम आणले. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आधी सगळ्या औषधांच्या दर्जाची हमी द्या, मग आम्हाला सांगा.

आता हिशेब बघा. डॉक्टर म्हणतो, मी जबाबदारी घेणार नाही. विक्रेत्याला परवानगी नाही. सरकार म्हणतं, दुकान उघडून दिलंय, या. मग ‘ही महागडी गोळी सोडून ती स्वस्त घेऊ’ हा निर्णय कोण घेतं? ज्याला औषधशास्त्रातलं काहीही कळत नाही असा माणूस, मोबाइलवर नाव शोधून, काउंटरवर उभ्या उभ्या.

आणि तो निर्णय घरात कसा वाटला जातो, तेही पाहण्यासारखं आहे. अनेक घरांत आई स्वतःची शुगरची गोळी जनऔषधीतून आणते, पण नातवाला ताप आला की ‘त्याला कंपनीचंच आणा’ म्हणते. वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या ब्रँडेड, तिच्या गुडघ्याच्या साध्या. घरात ज्याचा शब्द हलका, त्याच्या ताटात संशय आधी वाढला जातो. रुपये वाचतात हे खरं. पण वाचलेल्या रुपयांच्या जागी कुणीतरी धाकधूक भरत असतं, आणि ती कुठल्याही पावतीवर येत नाही.

यावर दोन सोपी उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं असं, की हा सगळा अडाणीपणा आहे. जेनेरिक आणि ब्रँडेड एकच, लोकांमध्ये जागृती करा. दुसरं असं, की स्वस्त ते स्वस्तच, जिवाशी खेळ नको. मला दोन्ही पटत नाहीत.

ब्रँड म्हणजे हमी, हे खरं नाही. रॅनबॅक्सी ही एकेकाळची देशातली बडी औषधकंपनी. औषधांच्या दर्जाशी आणि खोट्या माहितीशी संबंधित खटल्यात २०१३ साली तिने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. मोठं नाव छापलं की आतला माल आपोआप चांगला होत नाही. ब्रँडसाठी आपण जादा पैसे मोजतो, त्यातून अनेकदा खात्री मिळत नाही, खात्री असल्याची भावना तेवढी मिळते.

पण संशय म्हणजे अडाणीपणा, हेही खरं नाही. मूळ औषधाइतकंच हे औषध रक्तात उतरतं का, ही चाचणी कमी विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकसाठी आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१७ साली. आपल्या महाराष्ट्रातच, सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिकचं प्रकरण नागपूर ग्रामीण पोलिसांनी तपासलं. २०२४ च्या आरोपपत्रात त्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं म्हटलं होतं. ते जनऔषधीतलं औषध नव्हतं. पण ही बातमी वाचलेल्या माणसाला ‘सरकारी औषधावर विश्वास ठेवा’ असं सांगताना आपला आवाज जरा खाली यायला हवा.

ओनोरा ओ’नील या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत या गुंत्यावर नेमकं बोट ठेवलं. विश्वास वाढवणं हे ध्येयच नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. भामट्यावरही लोकांचा विश्वास वाढवता येतो. ध्येय हवं ते विश्वासार्ह होण्याचं, आणि समोरच्याला ती विश्वासार्हता पारखता येईल अशी सोय करण्याचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ॲप वापरणाऱ्याने आतला कोड वाचून मग पैसे पाठवावेत, अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. तपासणं हे आमचं काम, आणि काही फुटलं तर कुठे फुटलं ते दाखवणाऱ्या नोंदी ठेवणं हेही आमचंच काम. ‘आमच्या ॲपवर विश्वास ठेवा’ असे फलक लावून चुका दुरुस्त होत नाहीत.

तमिळनाडूने हा भार वेगळ्या पद्धतीने उचलला. तिथलं वैद्यकीय सेवा महामंडळ १९९५ पासून राज्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी औषधं खरेदी करतं. माल गोदामात आला की बॅचचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पाकिटावरचं कंपनीचं नाव झाकलेलं असतं, नुसता सांकेतिक क्रमांक दिसतो. अहवाल बरा आला तरच माल पुढे दवाखान्यात जातो आणि रुग्णाला फुकट मिळतो. डॉक्टरही त्याच यादीतून लिहितो. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली, ती बरीचशी याच वाटेने. या पद्धती निर्दोष आहेत असं नाही. पण तिथे खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला काही ठरवावं लागत नाही. संशय घ्यायचं काम त्याच्या वतीने आधीच कुणीतरी, पगार घेऊन, केलेलं असतं.

कुणी म्हणेल, यात रुग्णाचं निवडीचं स्वातंत्र्य जातं. मला नाही वाटत. पारख करण्याचं साधनच हातात नसताना दोन पाकिटं पुढे करून ‘निवड’ म्हणणं, याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं? ती टाळलेली जबाबदारी आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तपासण्या वाढवल्या तर किंमत वाढेल. आणि ज्याला औषधच परवडत नाही, त्याच्यासाठी थोडी अनिश्चित स्वस्त गोळी ही गोळी नसण्यापेक्षा बरीच ना? बरीच. म्हणूनच जनऔषधी बंद करा, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पण ‘गरिबाला एवढं पुरे’ हा युक्तिवाद नेहमी दुसऱ्याच्या शरीरावर केला जातो, हे लक्षात ठेवायला हवं. आणि तपासणीचा खर्च लाखो गोळ्यांमध्ये वाटला जातो. संशयाचा खर्च मात्र प्रत्येक घर वेगवेगळा भरतं. एकत्र भरलं तर जे थोडक्यात भागतं, ते एकेकट्याला भरायला लावणं, ही काटकसर नाही.

जनऔषधीचं ॲप आज जवळचं दुकान दाखवतं आणि ब्रँडशी किमतीची तुलना करून देतं. त्या किमतीशेजारीच माझ्या हातातल्या पट्टीच्या बॅचचा तपासणी अहवाल दिसायला हवा. कुठली प्रयोगशाळा, कुठली तारीख, काय निकाल. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जाहीन ठरलेल्या बॅचची यादी दर महिन्याला जाहीर करते. पण ती वाचून घरातला औषधांचा डबा उघडून बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ती बातमी ज्याने पट्टी विकत घेतली त्याच्यापर्यंत पोचायला हवी. गॅस सिलिंडर निघाल्याचा मेसेज येतो, तसा. आणि सरकारी डॉक्टरने लिहिलेल्या गोळीच्या दर्जाची जबाबदारी सरकारने नाव घालून घ्यायला हवी.

औषध स्वस्त करणं हे मोठं काम आहे आणि ते निम्मं झालंय, असं मी म्हणेन. उरलेलं निम्मं फलकावर दिसणारं नाही. नातवाला आणि स्वतःला एकाच दुकानातून औषध आणताना त्या आजीला दोनदा विचार करावा लागला नाही, तर ते झालं असं समजायचं.