चिठ्ठीत निघालेला चोर

निरपराध माणसावर चोरीचा आळ आला, देवाची प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठीही त्याच्याच विरुद्ध निघाली, तर त्या माणसाने पुढे देवाला कोणत्या तोंडाने हाक मारायची? जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ही १८६१ सालची कादंबरी पहिल्याच प्रकरणात हा प्रश्न उभा करते. अमळनेरला आम्ही ती मिळून वाचायला घेतली, ती या प्रश्नासाठीच. माझी सारी नोकरी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. देव न्यायी असेल तर जगात अन्याय का, हा प्रश्न मी फळ्यावर पुष्कळदा मांडला. पण फळ्यावरच्या प्रश्नाला नाव-गाव नसतं. कादंबरीतल्या प्रश्नाला ते असतं, आणि चार माणसांत वाचताना त्याला ऐकणाऱ्यांचीही नावं-गावं चिकटतात.

या कादंबरीशी आमच्या गावाचं जुनं नातं आहे. साने गुरुजी इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि पुढे प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. सायलस मार्नरची गोष्ट त्यांनीच ‘मनूबाबा’ या नावाने मराठी मुलांसाठी सांगितली. त्यामुळे आमच्यातले इंग्रजी येणारे मूळ पुस्तक घेऊन बसत आणि बाकीचे ‘मनूबाबा’ घेऊन. एकाने मूळ परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने लगेच मराठीत सांगायचा. धुळ्याची मंडळी एसटीने येत, जळगावची सुरत लाइनच्या गाडीने.

वाचनाची रीत आम्ही धुळ्याच्या तुरुंगाकडून घेतली. १९३२ साली विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय झाला, १९ जूनला अठरावा. साने गुरुजी तिथेच बंदिवान होते. त्यांनी ती प्रवचनं लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. ‘सायलस मार्नर’ची प्रकरणं एकवीस आणि शेवटी छोटासा समारोप. आम्हीही रविवारी एकच प्रकरण घ्यायचं आणि पुढचं कुणी आधी सांगायचं नाही असं ठरवलं. उत्तराची घाई करायची नसेल तर आठवड्याचा खंड फार कामाचा असतो.

सायलस हा विणकर. लँटर्न यार्ड नावाच्या एका छोट्या, कडव्या ख्रिस्ती पंथात वाढलेला. विल्यम डेन त्याचा जिवलग मित्र. मरणाला टेकलेल्या एका वडीलधाऱ्याच्या उशाशी सायलस जागत बसलेला असताना पंथाचे पैसे चोरीला जातात, आणि पैशांच्या जागी सायलसचा चाकू सापडतो. चाकू तिथे कुणी ठेवला हे सायलस ओळखतो. तरी तो म्हणतो, देव मला निर्दोष ठरवील. मंडळी चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी त्याला चोर ठरवते. न्यायाने राज्य करणारा देव नाहीच, असं सगळ्यांसमोर म्हणून तो बाहेर पडतो. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं असतं ती थोड्याच दिवसांत विल्यमशी लग्न करते.

हे प्रकरण वाचून झाल्यावर एक आप्पा सहज म्हणाले, “मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.” आपल्याकडे हे वाक्य किती सहज येतं! त्यावर धुळ्याहून येणाऱ्या एक ताई बोलल्या. त्यांचे थोरले भाऊ एका सहकारी संस्थेत कारकून होते. पैशांच्या अफरातफरीत त्यांना गोवलं गेलं. पुढे खरं काय ते बाहेर आलं, पण तोवर भाऊ गेले होते. ताई एरवी आमच्याशी शुद्ध मराठीत बोलतात. त्या दिवशी त्या अहिराणीत म्हणाल्या, “मना भाऊ चोर नव्हता, आप्पा.” आप्पा उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

त्या रविवारपासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. पूर्वकर्माचा सिद्धांत माणूस स्वतःच्या दुःखाला लावतो तेव्हा त्याला कदाचित बळ मिळत असेल. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावणं म्हणजे लँटर्न यार्डची चिठ्ठीच. तिथेही पुरावा न पाहता माणूस दोषी ठरला, इथेही ठरतो. शिवाय इथला गुन्हा कोणता, कधी घडला, हे आरोपीला कधीच कळणार नसतं. जगाचा हिशेब जुळावा म्हणून आपण एका निरपराधाच्या नावावर खोटी रक्कम मांडतो. देवाचा न्याय वाचवण्यासाठी माणसावर अन्याय करायचा, हा धर्म नव्हे.

मग सायलसचा नकार खरा का? त्याचा नकार प्रामाणिक आहे, त्याबद्दल मला आदर वाटतो. पण देवाबरोबर त्याने माणसांनाही सोडलं. रॅव्हलो नावाच्या दूरच्या गावी तो पंधरा वर्षं मागावर एकटा बसतो आणि रात्री सोन्याची नाणी मोजतो. तेही सोनं चोरीला जातं. आमच्यातल्या एकांचे वडील इथल्या प्रताप मिलमध्ये साळखात्यात होते. मागावर काम करणारा माणूस दिवसभर कुणाशी बोलू शकत नाही, आवाजच तेवढा असतो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा सायलसचा एकांत आम्हाला अधिक कळला.

डॉली विन्थ्रॉप ही शेजारीण त्याच्या दारात येते ती घरच्या भाजलेल्या वड्या घेऊन. त्यांवर तिने चर्चमध्ये पाहिलेली अक्षरं उमटवली आहेत, पण ती तिला वाचता येत नाहीत. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती आणि तरी आयुष्याचे अवघड प्रश्न त्यांनी ओव्यांत उलगडले, हे आम्हा खानदेशातल्या माणसांना ठाऊक आहे, म्हणून डॉलीला आम्ही अडाणी समजलो नाही. पुढे ती चिठ्ठीची हकीकत ऐकते, कित्येक दिवस मनात घोळवते. उलगडा होत नाही असं ती कबूल करते. तरी माझ्यासारखीला चांगलं काय ते जाणवतं, तर मला घडवणाऱ्यात त्याहून जास्तच चांगुलपणा असणार, अशी तिची श्रद्धा. सायलसच्या माथी ती काही मारत नाही.

डॉलीला इतक्या मायेने रंगवणारी लेखिका स्वतः ती श्रद्धा सोडून आलेली होती. मेरी अ‍ॅन इव्हान्स हे तिचं खरं नाव. ऐन तारुण्यात तिने चर्चला जाणं थांबवलं. देवाच्या रूपात माणूस आपल्याच उत्तम गुणांची पूजा करतो असं मांडणाऱ्या फॉयरबाखचा ग्रंथ तिने १८५४ साली इंग्रजीत आणला. आणि तिची कथा मराठीत आणली ती साने गुरुजींसारख्या भाविकाने. दोघांनाही मान्य होईल असं काहीतरी तिच्यात आहे: सायलसचा विश्वास परत येतो तो बर्फातून दुडुदुडु चालत घरात आलेल्या एका पोरक्या मुलीमुळे, आणि तिला वाढवायला हात लावणाऱ्या शेजाऱ्यांमुळे.

एकविसाव्या प्रकरणात सायलस त्या मुलीला घेऊन लँटर्न यार्डला जातो. आपण निर्दोष होतो हे तिथल्या लोकांना कळलं का, एवढंच त्याला विचारायचं आहे. तिथे कारखाना उभा आहे. प्रार्थनाघर नाही, विचारायला माणूस नाही. सोनं परत मिळालं होतं, नाव परत मिळत नाही. एलियटने इथे खोटा दिलासा दिला नाही, यासाठी मी तिला मोठी मानते.

तेव्हा श्रद्धा म्हणजे शेवटी न्याय होतोच ही खात्री, असं मला म्हणता येत नाही. न्याय न मिळालेल्या माणसालाही पुन्हा कुणावर तरी विसंबता येणं, ही श्रद्धा. ती त्याच्यात जागवणं आपल्या हातात असतं. पण मायेने न्यायाची मागणी मिटवायची नसते. साने गुरुजी विठ्ठलाचे भक्त होते, आणि त्याच विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून १ मे १९४७ पासून पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिले. देवावरची भक्ती आणि देवाच्या दारातल्या अन्यायाविरुद्धचा हट्ट एकाच माणसात नांदू शकतात, याचा तो पुरावा.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं आपण दोन गोष्टींचं देणं लागतो. त्याची हकीकत कारणं न चिकटवता ऐकायची, आणि तो निर्दोष असेल तर तसं चारचौघांत, नाव घेऊन सांगायचं, तो हयात नसला तरीही. शेवटच्या रविवारी आप्पांनी ताईंकडून त्यांच्या भावाचं नाव विचारून घेतलं आणि सगळ्यांसमोर उच्चारून म्हटलं, हा माणूस चोर नव्हता. देवाच्या न्यायाबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्याची सुरुवात या वाक्यापासूनच होऊ शकते.