अनामिक लेखकाचे प्रामाण्य

दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान खरे मानावे का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. चार्वाकांनी शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हे प्रमाणच मानले नाही. वैशेषिकांनी ते अनुमानात जमा केले. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र स्थान दिले, पण वक्ता आप्त हवा अशी अट घातली. वस्तू ज्याला साक्षात कळली आहे आणि कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असे न्यायभाष्यकार वात्स्यायन म्हणतो. त्या काळच्या मानाने हे धाडसाचेच.

जानेवारी २००१मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने वक्ताच पडद्याआड नेला. लेख कोणी लिहिला हे वाचकाला सहसा कळत नाही. शिवाय लिहिणाऱ्याने स्वतःचे संशोधन मांडायचे नाही, प्रसिद्ध संदर्भ द्यायचा, असा तिथला नियम आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाची किंवा लक्ष्मणशास्त्री जोशींच्या विश्वकोशाची हमी संपादकाच्या नावात होती. इथे ती संदर्भांवर आणि लक्ष ठेवणाऱ्या इतर लेखकांवर सोपवलेली आहे.

ही व्यवस्था कितपत चालते? २००५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या दोन्ही कोशांतल्या ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने तपासणीच्या पद्धतीवरच कडाडून आक्षेप घेतला. मात्र त्याच वर्षी अमेरिकी पत्रकार जॉन सिगेन्थालर यांच्या नोंदीत, केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध सुचवणारा खोटा मजकूर महिनोन्‌महिने तसाच राहिल्याचे उघड झाले. सरासरी चांगली असली, तरी समोरचे वाक्य खरे आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही.

पक्षपाताचा प्रश्न याहून अवघड आहे. विकिपीडियाची तटस्थता म्हणजे दोन मतांचा मध्य काढणे नव्हे. विश्वसनीय मानलेल्या संदर्भांत ज्या मताला जेवढे वजन, तेवढेच कोशात द्यायचे. साहजिकच संदर्भांचा कल कोशात उतरतो. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियात त्यांच्यावर नोंदच नव्हती. पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून तिचा मसुदा काही महिन्यांपूर्वी नाकारला गेला होता. क्रोएशियन आवृत्तीचे दुखणे वेगळे. तिथे मोजक्या प्रचालकांनी (विशेष अधिकार असलेल्या संपादकांनी) अनेक वर्षे ताबा ठेवला आणि दुसऱ्या महायुद्धातील क्रोएशियाच्या फॅसिस्ट उस्ताशी राजवटीचे गुन्हे सौम्य करून मांडले. नियम तेच होते, पण ते पाळले जातात का हे पाहणारे डोळे कमी होते. छोट्या भाषांतल्या आवृत्त्यांना हा धोका नेहमीच अधिक.

पक्षपाताची प्रत्येक तक्रार अर्थातच खरी नसते. कोश उदारमतवाद्यांकडे झुकला आहे असे मानून अमेरिकेत २००६मध्ये ‘कॉन्झर्वापीडिया’ निघाला. त्याने कल काढून टाकला नाही, उलट आपला कल उघडपणे स्वीकारला.

मग वाचकाने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? भारतीय दर्शनांतल्या मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान आले किंवा कारणात दोष आढळला तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून पडताळावे लागते. नदीची लांबी पाहणारा वाचक मीमांसकासारखा वागतो, आणि त्यात फारसे बिघडत नाही. वादग्रस्त इतिहासाच्या नोंदीला मात्र नैयायिकाची शंका लागते. तिच्यासाठी लागणारी सामग्री कोशातच आहे: नोंदीच्या ‘इतिहास’ या पानावर तिच्यातला प्रत्येक बदल तारखेसह दिसतो, चर्चापानावर कोणते वाक्य कोणाच्या आक्षेपामुळे गेले हे वाचता येते. छापील कोशाच्या संपादकीय टेबलावरचे असे वाद वाचकापर्यंत पोहोचत नसत.