पेरणारा निघून गेल्यावर



२०१४ साली मुंबई सिटी हा फुटबॉल संघ सुरू झाला, तेव्हा त्याचे घरचे सामने आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत असत. पहिल्या काही वर्षांत जगातले नामवंत खेळाडू आले आणि गेले, पण विजेतेपद काही हाती लागले नाही. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला.

या समूहाचे प्रमुख फेरान सोरियानो हे पूर्वी बार्सिलोना क्लबचे उपाध्यक्ष होते. २०१२ मध्ये ते मँचेस्टर सिटीत आले आणि त्याच वर्षी बार्सिलोनातले जुने सहकारी चिकी बेगिरिस्टाइनही तेथे आले. चेंडू आपल्याकडे राखून खेळायचे, ही बार्सिलोनाची रीत त्यांच्याबरोबर आली. २०२० मध्ये मुंबईने सर्जिओ लोबेरा यांना प्रशिक्षक नेमले. तेही बार्सिलोनात काम केलेले. एफसी गोवाला त्यांनी २०१९ चा सुपर कप जिंकून दिला होता, तरी २०२० च्या आरंभी गोव्याने त्यांना पदावरून दूर केले होते. ते मुंबईला आले तेव्हा गोव्याच्या संघातले फाल, जाहू, बुमूस आणि आपला मंदार राव देसाई हे चौघेही मुंबईत आले.

विचार नुसत्या कागदावरून प्रवास करीत नाही. तो माणसांबरोबर येतो. संत पौलाला हे ठाऊक होते. करिंथमध्ये त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू करणारे दांपत्य भेटले. दीड वर्षाने तो इफिसला निघाला, तेव्हा त्या दोघांना बरोबर घेऊन गेला.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना झाला. मोहन बागानशी १-१ अशी बरोबरी असताना ९० व्या मिनिटाला विजयी गोल केला तो मणिपूरच्या बिपिन सिंगने, जो लोबेरा येण्याआधीपासून मुंबईच्याच संघात होता! बाहेरून आणलेली रीत घरच्या मुलाच्या पायात उतरली, तेव्हा चषक मिळाला. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की दिलेली गोष्ट घेणाऱ्याच्या घडणीप्रमाणे स्वीकारली जाते. विहीर एकच असली तरी पाणी घागरीचाच आकार घेते. म्हणून देणाऱ्याने आधी घागर ओळखावी.

पुढे लोबेरा गेले. त्यांच्यानंतर आलेल्या डेस बकिंगहॅम यांनी २०२३ मध्ये लीग शील्ड आणि पीटर क्रॅट्की यांनी २०२४ मध्ये चषक मिळवून दिला. २०२४ च्या अंतिम सामन्यातही बिपिनने गोल केला. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनेही आपला हिस्सा सोडला. खरी कसोटी आता आहे. आणणारा निघून गेल्यावर मागे काय उरते?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपलाही आहे. सिडकोने वसवलेल्या या शहरात आपण बहुतेक जण कुठून तरी आलेलो आहोत. कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी संगमनेरहून, कोणी मंगळूर-केरळहून. प्रत्येकाने गावची गीते, सणाच्या रीती आणि संघटनेची शिस्त बरोबर आणली. ती मोलाची आहे. पण “आमच्याकडे असेच करतात” एवढे बोलून आपण थांबलो, तर शेजारच्या बाकावर बसलेला बिपिन आपल्याला दिसतच नाही. काही मंडळींनी वर्षानुवर्षे गायनवृंद किंवा विन्सेंट डी पॉल संस्थेचे काम एकट्याने ओढले आहे. त्यांचे उपकार मोठे. परंतु किल्ल्या, वह्या आणि पेटी एकाच घरात राहिली, तर त्या घराची बदली होताच काम बंद पडते. धर्मगुरूंच्या बदल्या तर ठरलेल्याच असतात.

करिंथकरांना लिहिताना पौलाने लावणाऱ्याला आणि पाणी घालणाऱ्याला आपापली जागा दाखवली आणि वाढीचे श्रेय देवाला दिले. ज्यांच्या हाती या धर्मग्रामातली कोणतीही जबाबदारी आहे, त्यांनी या आठवड्यात दोन तरुणांची नावे मनात धरावीत. त्यांना जवळ बसवावे, काम शिकवावे आणि मग त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्यावे. आपण नसतानाही हे शेत पिकावे, एवढी कृपा प्रभूकडे मागू या. आमेन.