रिकाम्या माळाचा फोटो

मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधे पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ भाग लागतो. वर सगळा मूर: घर नाही, झाड विरळाच, पायाखाली पीटची काळी, ओली माती आणि तिच्यावर हेदरची खुरटी झुडपं. ऑगस्टमध्ये हेदर जांभळं फुलतं, तेव्हा लोक लोटतात ते ठीक. पण हिवाळ्यात माळ तपकिरी पडलेला असतो, वारा उभं राहू देत नाही, तरी बर्फ पडल्याचं कळलं की मॅम टॉरच्या पायथ्याशी गाड्यांची रीघ लागते. ५१७ मीटर उंचीच्या त्या डोंगरावरून एखाद्या पहाटे दरीत साचलेलं धुकं दिसतं. तो फोटो प्रत्येकाला हवा असतो. मलाही हवा असतो, आणि त्यात दुसरं कुणी नको असतं.

हा हट्ट जरा तपासून पाहावा असा आहे. शेजारच्या किंडर स्काउट या पठाराचा मोठा भाग एके काळी सामान्य माणसाला बंद होता. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी तो राखून ठेवला होता, वर राखणदार नेमले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे माणसं, बरीचशी कामगार वस्तीतली, हेफील्ड गावाहून वर घुसली. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं; मोकळ्या माळावर हिंडायचा हक्क देणारा कायदा मात्र २००० साली आला. म्हणजे आपण जिथे ट्रायपॉड रोवून लोक बाजूला व्हायची वाट पाहतो, तिथली वाट गर्दीनेच मोकळी केलेली. शिवाय फोटोच्या दृष्टीनेही माणसाचं वावडं कशाला? झाड नाही, घर नाही, तेव्हा माळ किती अफाट आहे हे पाहणाऱ्याला कळावं कशावरून? दूरवर लाल जाकिटातला एक ठिपका चालत असला की लगेच कळतं.

गर्दी नडते ती वर नाही, खाली रस्त्यावर. मॅम टॉरची ठिसूळ कड सरकत राहिल्याने तिच्या अंगावरचा जुना रस्ता १९७९ मध्ये कायमचा बंद झाला. आता पायथ्याच्या कॅसलटन गावाहून वर यायचं तर विनॅट्स पासमधून: दोन्हीकडे चुनखडीचे कडे, मधे अरुंद, अंगावर येणारा चढ. अशा रस्त्यांच्या कडेला कशाही गाड्या लावल्या, की बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक अडतो आणि पाय मोडलेल्या माणसाला खाली आणायला निघालेले स्वयंसेवकही अडतात. हिंडायच्या हक्कात हे बसत नाही. रॉथमन स्वतः त्या दिवशी सायकलवर आला होता.

आणि घाई तरी कसली? किंडरच्या पायथ्याला एडेल स्टेशन आहे, मँचेस्टर–शेफील्ड रेल्वेमार्गावरचं; मोटार घरी ठेवून आगगाडीने यावं. डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर येतो. पहाटे ज्या तिरप्या उन्हासाठी धावपळ करायची, ते ढग नसतील तर दिवसभर असतं. बाराच्या सुमारासही झुडपांच्या लांबच लांब सावल्या पडतात. सकाळी सावकाश निघालं तरी चालतं. फक्त चारच्या आत अंधारायला लागतं, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि बॅगेत बॅटरी असू द्यावी.