लवादापुढचा चोरटा पुरावा

मुंबईत १९६४ साली पोलिसांनी एका डॉक्टरच्या टेलिफोनला, त्याच्याच संमतीने, ध्वनिमुद्रण यंत्र जोडले. पलीकडून शहराचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, बोलत होते आणि विषय लाचेचा होता. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती ध्वनिफीत ग्राह्य धरली. पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही, असे १९७२ च्या या निकालाने सांगितले. पुढे २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि २०१९ मध्ये ‘विनीत कुमार’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फोन-टॅपिंगच्या नोंदी नष्ट करायला लावल्या.

आंतरराष्ट्रीय लवादात चोरट्या पुराव्याचा हा पेच अधिक अवघड आहे. १९९६ च्या लवाद कायद्याचे कलम १९ लवादाला पुरावा कायद्यातून मोकळे करते. पण लवादाला ना झडती घेता येते, ना जप्ती करता येते. म्हणून फसवला गेलेला पक्षकार पोलिसांचेही दार ठोठावतो. मुंबईच्या अविटेल कंपनीत एचएसबीसीच्या मॉरिशसमधील कंपनीने २०११ मध्ये ६ कोटी डॉलर गुंतवले. वाद सिंगापूरच्या लवादाकडे गेला, फौजदारी तक्रार मुंबईत झाली. गुन्ह्याचा आरोप असला तरी असा वाद लवादापुढे चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

तपास करणारे सरकारच प्रतिपक्ष असेल तर धोका मोठा. ‘लिबानान्को’ कंपनीच्या दाव्यात तुर्कस्तानने गुन्हे तपासाच्या नावाखाली विरुद्ध बाजूचे, तिच्या वकिलांचेसुद्धा, ईमेल टिपले होते. लवादाने २००८ मध्ये त्याला आळा घातला, हे योग्यच झाले; नाहीतर सुनावणी नावापुरती उरली असती. उलट ‘मेथानेक्स’ या कंपनीने आपल्या दाव्यासाठी एका खासगी आवारात शिरून कचऱ्यातून कागद उचलवले होते, तेही २००५ मध्ये नाकारले गेले. हात कोणाचे मळले, हा प्रश्न इथे कागदातल्या मजकुराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तापीकाठच्या प्रकाशा गावातून केळी परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या करारातही वाद लवादाकडे नेणारे कलम असू शकते. माल काळा पडला, पैसे अडकले, आणि वाहतूक कंपनीचा पासवर्ड चोरून कोणी शीतकंटेनरच्या तापमानाच्या नोंदी आणून दिल्या, तर त्या खऱ्या असूनही वादात सापडतील. त्याच नोंदी लवाद कायद्याच्या कलम २७ खाली, लवादाच्या संमतीने, न्यायालयामार्फत मागवता येतात. परदेशात चालणाऱ्या लवादासाठीही ही वाट २०१५ च्या दुरुस्तीने खुली झाली आहे.