मेंढराची साक्ष

लिओनी स्वान या जर्मन लेखिकेच्या 'ग्लेनकिल' (2005) या कादंबरीत आयर्लंडमधल्या एका मेंढपाळाचा खून होतो आणि त्याचा तपास त्याच्याच मेंढ्या करतात. तिच्यावरूनच ह्यू जॅकमनची भूमिका असलेला 'द शीप डिटेक्टिव्ज' हा चित्रपट निघाला. घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहायची हसती रहस्यकथा, एवढ्यावर या गोष्टीची बोळवण करता येईल. पण तिचा कस वेगळ्याच जागी आहे. कादंबरीतल्या मेंढ्या बोलतात, तरी त्यांना माणसासारखे कळत नाही. मेलेल्या माणसाचे मृत्युपत्र काढून का वाचतात हे त्यांना उमगत नाही, आणि गावच्या धर्मगुरूचे नावच 'देव' आहे असे त्या धरून चालतात. कोणाच्या अंगाला कसला वास येतो, हे मात्र त्यांना नेमके कळते. आपल्याला हसवते ती त्यांची समज, आणि तपास पुढे नेते त्यांचे नाक. जनावराला वाचा द्यावी, पण त्याचे जनावरपण काढून घेऊ नये, एवढे पथ्य पाळले तर असा सिनेमा टिकतो. मराठीत तो व्हायचा असेल तर शहापूर-मुरबाडच्या मातीत व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेज चढून नगरला जाणाऱ्या रस्त्यावर या सिनेमाची बहुतेक पात्रे आधीपासूनच हजर आहेत. घाट ओलांडून पुढे गेले की आळे लागते. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठणच्या त्या कथेत माणसांचा वाद जनावराच्या बोलण्याने मिटतो; म्हणजे तीही एक साक्षच. दिवाळी सरली, भाताची खाचरे मोकळी झाली की पारनेरकडचे धनगर याच वाटेने खाली उतरतात. घोड्यांवर बिऱ्हाड, सोबत राखणीची कुत्री. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. रात्री कोकरांभोवती जाळी लावतात, तिला वाघूर म्हणतात. ज्याच्या भयाने ती लावायची, त्याचेच नाव तिच्यात ऐकू येते. मृगाच्या आधी धनगरांचा वाडा पुन्हा घाटावर जातो.

आणि वाघबारस. आश्विन वद्य द्वादशीला इतरत्र गाय-वासरू पुजतात. सह्याद्रीच्या या पट्ट्यातले महादेव कोळी त्याच दिवशी वाघोबाला पुजतात. काही ठिकाणी गुराखी पोरे वाघ, अस्वल, कोल्हा होतात आणि बाकीचे त्यांना घेरून दरडावतात, की पुन्हा आमच्या शिवारात येशील का? शेवटी जनावर कबूल होऊन पळत सुटते. बोलके जनावर, उलटतपासणी, हसू आणि सगळे गाव एकत्र, असे सारेच या खेळात आहे. हॉलिवूडकडून उसने काय घ्यायचे, तर फार थोडे.

रहस्यही इथे रोजचे आहे. बिबट्याने शेळी-मेंढी मारली तर भरपाईसाठी वनखात्याचा पंचनामा लागतो आणि तोवर शव हलवायचे नसते. मग मानेवरचे सुळ्यांचे व्रण पाहतात, फरपटत नेल्याची रेघ पाहतात, ओल्या मातीतला ठसा शोधतात. भटक्या कुत्र्यांनी फाडलेले जनावर आणि बिबट्याने धरलेले जनावर यांतला फरक जाणत्या डोळ्यालाच कळतो. शवच नसेल तर नाव आयते बिबट्याचे होते. म्हणून माझ्या मनातला सिनेमा वाघबारशीला सुरू होतो. वाघ झालेला पोरगा गावाला शब्द देतो. महिन्याभराने वाड्यातली मेंढरे नाहीशी होतात आणि गाव म्हणते, वाघाने शब्द मोडला. वाघुरीतल्या मेंढ्यांना अंधारात फारसे दिसलेले नाही. पण त्या रात्री वास आला होता तो डिझेलचा.

यावर पहिला आक्षेप पोरकटपणाचा. पंचतंत्र ज्या भाषेत घरोघर सांगितले गेले, तिथे त्याला फार वेळ द्यायला नको. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. जिथे माणसे अंधार पडल्यावर पोरांना अंगणात सोडायला धजत नाहीत, तिथे गोंडस, गप्पिष्ट बिबट्या दाखवणे म्हणजे त्या भीतीची थट्टा होईल. मला हे पटते, म्हणून बिबट्याला बोलू देऊच नये. त्याच्याबद्दल इतरांनी बोलावे. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडलेल्या बिबट्याच्या गळ्यात शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या चमूने जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेजला सोडले. महिन्याभरात तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला. कसारा स्टेशनाजवळून, महामार्ग ओलांडून, वसईवरून, खाडी पोहून तो थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. वाटेत वस्त्या होत्या, माणसे होती. कोणावर त्याने हल्ला केल्याची नोंद नाही. तो एक शब्द न बोलता नकाशावरचे ठिपके बोलले. यावरून सगळे बिबटे निरुपद्रवी ठरत नाहीत. मात्र आरोपीच्या बाजूनेही पुरावा असू शकतो, आणि तो गावाच्या समजुतीविरुद्ध जाऊ शकतो, हे ठरते. त्याच बिबट्यावर सुजय डहाके यांनी 2014 मध्ये 'आजोबा' हा चित्रपट केला, त्यात वाट दिसते ती शास्त्रज्ञ बाईच्या नजरेतून. ती वाट ज्यांच्या नाकासमोरून गेली, त्या शेळ्यामेंढ्यांची बाजू अजून कोणी मांडलेली नाही.

तिसरी अडचण पैशाची सांगतात. 'बेब'ला (1995) डुकराचे ओठ हलवायला यांत्रिक बाहुल्या आणि संगणक लागले, ऑस्करही मिळाले. आपल्याला ओठ हलवायची गरज नाही. मेंढी रवंथ करतच असते. हलत्या तोंडावर आवाज चढवला की पुरे. खर्च करायचा तो बोलीवर करावा. पारनेरच्या मेंढीने घाटावरचे बोलावे, मुरबाडच्या गावठी शेळीने तिथल्या पाड्यावरचे, आणि साक्ष नोंदवायला बसल्यावर एकीचे दुसरीला निम्मेच कळावे. 'वास कसला?' या प्रश्नावर मेंढीने सांगावे, 'एस्टीचा', कारण डिझेल हा शब्द तिने कधी ऐकलेलाच नाही.