तिसऱ्या वाद्याचा प्रश्न

पियानो, व्हायोलिन आणि चेलो ह्या वाद्यांसाठी रचलेल्या पाश्चात्त्य ‘त्रयी’चा इतिहास बहुधा चेलोच्या मुक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हायडनच्या त्रयींत चेलो बव्हंशी पियानोवादकाच्या डाव्या हाताचे स्वरच गिरवतो. बेथोवेनने १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्रयींत तो स्वतंत्रपणे बोलू लागतो, आणि १८११ च्या ‘आर्चड्यूक’ त्रयीतील दुसऱ्या भागाचा आरंभ तर तो एकट्यानेच करतो. दास्याकडून समतेकडे जाणारा हा आलेख खोटा नव्हे. मात्र ज्याला स्वतःची धून नाही त्याला प्रतिष्ठाही नाही, असे एक नैतिक गृहीतक त्यात दडलेले आहे.

हायडनकालीन पियानोचा खर्ज क्षीण होता. आघातानंतर तो लवकर विरे. चेलो त्याला धरून ठेवी. चेलो वगळला तर एखादी धून क्वचितच हरवेल, पण उरलेल्या धुनींचा आधार जाईल. सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या तंबोऱ्याचे कार्य ह्याच जातीचे आहे. ज्या गावी अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) स्थिरावले, तेथील कारागिरांच्या पिढ्या ह्या वाद्याची जवारी साधण्यात गेल्या. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. एवढा सारा खटाटोप कशासाठी, तर जे वाद्य एकही आलाप घेणार नाही त्याच्यासाठी! अनुसरण म्हणजे हीनता, हे समीकरण येथे टिकत नाही.

तथापि आत्मविलोपनाचे स्तवन पुढे बसलेल्याने करणे फार सोपे असते. हिंदुस्थानी परंपरेने गजाच्या वाद्यांकडे प्रामुख्याने गळ्याचा मागोवा घेण्याचे काम सोपवले. सातारा जिल्ह्यातील औंधशी ज्यांच्या घराण्याचे नाते, ते गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ख्यालगायकही होते आणि व्हायोलिनवादकही. त्यांच्या हाती त्याच जातीचे वाद्य मैफलीचे मुख्य वाद्य झाले. तेव्हा मागे राहणे हा वाद्याचा स्वभाव नव्हे; ती एक व्यवस्था आहे, आणि व्यवस्थेला जाब विचारता येतो.

हा जाब कोणाला विचारायचा, येथे दोन्ही परंपरा वेगळ्या होतात. ‘आर्चड्यूक’मधील चेलोचा तो आरंभ संहितेने राखलेला आहे, पियानोवादक कितीही आढ्यताखोर असला तरी तो त्याला हिरावून घेता येत नाही. मैफलीत असे काही लिहिलेले नसते. सारंगीला किंवा तबल्याला अवकाश मिळेल की नाही, हे गायकाच्या वृत्तीवर ठरते, आणि औदार्याने मिळालेली जागा हा हक्क नव्हे. अर्थात संहिताही सर्व काही देत नाही : आधुनिक पियानोचा भारदस्त नाद कागदावरचा हक्क कागदावरच ठेवून चेलोला सहज बुडवू शकतो. तेथेही अखेर एकाने दुसऱ्याचे ऐकावेच लागते. फरक इतकाच की त्रयीतील चेलोवादकाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत इतर दोघांच्या बरोबरीने छापले जाते. तंबोऱ्यावर मागे बसलेल्या शिष्येचे नाव निवेदक पुष्कळदा घेतही नाही.